पारडी बदलून पाहा

श्रोतेहो, आठवडी बाजारात काटा खरा की खोटा हे ओळखण्याची जुनी युक्ती तुम्हांला ठाऊक असेलच. डावीकडची वजने उजव्या पारड्यात घालायची नि उजवीकडचा माल डाव्यात. दांडी पूर्वीसारखीच समतोल राहिली तर काटा खरा. कलली, तर काहीतरी गोम आहे म्हणून समजा!

अदलाबदल करूनही फरक पडत नाही, या गुणाला शास्त्रज्ञ सममिती म्हणतात. निसर्गाचा काटाही ते असाच तपासतात, आणि हा संशय उगाच नाही बरं का! आरशातल्या उलट्या जगातही निसर्गाचे नियम तेच असणार, असे पुष्कळ वर्षे धरून चालले होते. १९५६ च्या अखेरीस चिएन-शिउंग वू या विदुषीने अमेरिकेत कोबाल्टचे अणू अतिशय थंड करून, चुंबकाच्या साहाय्याने त्यांची केंद्रे एका दिशेला वळवली. त्यांतून निघणारे इलेक्ट्रॉन एका बाजूला जास्त, दुसरीकडे कमी! तिथे दांडी कलली.

आता शिक्षकबंधूंना विचारतो. वर्गात प्रयोग करताना टेबलाचे तोंड नागपूरच्या पूर्वेला होते की उत्तरेला, हे आपण वहीत लिहितो का? नाही. दिशेने फरक पडत नाही, हे आपण गृहीतच धरतो. आइन्स्टाइनचा सापेक्षतावादही त्यावरच उभा आहे. पण हे तपासायचे कसे?

युटर्बियम नावाच्या धातूचा एकच अणू घ्यायचा. त्याचा एक इलेक्ट्रॉन काढला की तो आयन होतो; विजेच्या बळावर त्याला निर्वातात अधांतरी धरता येते. लेसरने थंड केलेला हा आयन अगदी ठराविक कंपनांचाच प्रकाश शोषतो. ती कंपने मोजली की झाले घड्याळ! त्याच्या आतल्या इलेक्ट्रॉनांची मांडणी सगळीकडून सारखी गोल नसते, म्हणून दिशेचा काही परिणाम असलाच तर तो इथे दिसावा.

जर्मनीत ब्राउनश्वाइगला अशी दोन घड्याळे निरनिराळ्या दिशांना रोखून सहा महिने ताडून पाहिली. पारडी बदलायला माणूस लागलाच नाही; पृथ्वीच रोज फिरून ते काम करी! २०१९ मध्ये निकाल छापून आला. तीन हजार कोटी वर्षांत एखाद-दुसऱ्या सेकंदाचा फरक पडावा, इतका दोघांचा मेळ होता. दिशेबरोबर होणारा चढउतार काही सापडला नाही.

पुण्याला १९८८ मध्ये स्थापन झालेल्या आयुका संस्थेत डॉ. सुभदीप डे आणि त्यांचे सहकारी युटर्बियमच्या एकाच आयनावर चालणारे असेच घड्याळ उभारण्याच्या कामाला लागले आहेत.