यवनांचे तत्त्वज्ञान आणि त्याची वाङ्मयरूपे

घाटघरच्या पठारावरून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटाच्या मुखाशी जो दगडी रांजण जकातीचा म्हणून आजही दाखविला जातो, त्याच्या बाजूने सातवाहनकाळी बंदरांचा माल जुन्नरच्या पेठेत चढत असे. आणि त्याच जुन्नरच्या लेण्यांत कोणा यवनाने पाण्याची दोन टाकी, तर कोणी भोजनमंडप दिल्याचे प्राकृत लेख कोरलेले आहेत. हे दाते वंशाने ग्रीक होते की नावापुरते, यावर पंडितांचा वाद आहे. परंतु ज्यांच्या पूर्वजांच्या देशी विचार मांडण्याचे इतके प्रकार सिद्ध झाले, त्यांनी येथे बौद्ध दानलेखाचा चार शब्दांचा साचा मुकाट्याने पत्करला, हे लक्षणीय खरेच.

त्या देशी पार्मेनिदीजने सत् एक आणि अविकारी आहे हा सिद्धान्त होमरच्या वृत्तात, देवीच्या मुखाने वदविला, कारण सत्यकथनाचा अधिकार तेव्हा त्या वृत्ताकडेच होता. पुढे ॲरिस्टॉटलने, ज्याचे काव्यशास्त्र विंदा करंदीकरांनी मराठीत आणले, एंपेदोक्लीज व होमर यांच्यात वृत्ताखेरीज काहीच समान नाही असे बजावून पहिल्यास कवींच्या पंक्तीतून उठविले. आणि सॉक्रेटिसाच्या संवादांना सोफ्रोनच्या गद्य प्रहसनांशेजारी बसवून, या दोहोंना मिळून एक नाव नाही, अशी तक्रारही नोंदविली. आदर्श राज्यातून कवींना हद्दपार करणारा प्लेटो स्वतः मात्र नाटककाराच्याच साधनांनी लिहितो, आणि त्या संवादांत स्वतः एकदाही बोलत नसल्याने त्याचे मत अमुकच, असे छातीठोकपणे सांगण्याची सोय राहत नाही. माझ्या मते ही अडचण नव्हे. वाचकाने स्वतः वाद चालवावा म्हणूनच तो प्रकार योजलेला आहे.

नागसेन भिक्षू व यवन राजा मिनँडर यांच्या प्रश्नोत्तरांचा पाली ‘मिलिंदपञ्ह’ काहींना प्लेटोचे ऋण वाटतो. उपनिषदांतील संवाद हाताशी असता ते कर्ज काढण्याचे कारण दिसत नाही.

विचार कोणत्या रूपात जतन करावा, हा प्रश्न मराठीत महानुभाव पंथीयांनी प्रत्यक्ष हाताळला. म्हाइंभटाने ‘लीळाचरित्रा’त चक्रधरांची वचने स्थळ, प्रसंग, माणसे यांसह जतन केली, केशिराजाने त्यांतूनच वचने वेचून ‘सूत्रपाठ’ सिद्ध केला. शास्त्र हाती आले, पण कोणाला, कशावरून, कोणत्या स्वरात बोलले गेले हे सूत्रातून गळाले, आणि म्हणूनच अभ्यासकाला अर्थनिश्चयासाठी पुन्हा लीळांकडे रुजू व्हावे लागते.