लहान भावंडांना काय प्यायला द्यावे?



आपल्या सोनपेठ तालुक्यात उन्हाळा लई कडक असतो. मे महिन्यात परभणी जिल्ह्याचा पारा ४० अंशांच्या वर जातो. आई-बाबा शेतात जातात आणि धाकट्या भावंडाला सांभाळायचे काम आपल्यावर येते. ते रडले की आपण त्याला काहीतरी प्यायला देतो. पण काय द्यावे आणि काय देऊ नये, हे आपल्याला माहीत पाहिजे. म्हणून मी हा लेख लिहीत आहे. यातली माहिती मी गुरुजींना, अंगणवाडीच्या ताईंना आणि आशाताईंना विचारून लिहिली आहे.

कोणत्या वयाला काय?

बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत त्याला फक्त आईचे दूध द्यावे. वरचे पाणीसुद्धा देऊ नये. उन्हाळ्यातही आईच्या दुधातच बाळाला पुरेल एवढे पाणी असते. घुटी, मध, साखरपाणी काही नको. मध तर एक वर्ष होईपर्यंत चाटवूही नये, कारण त्यातून लहान बाळाला विषबाधा होऊ शकते.

सहा महिन्यांनंतर मऊ जेवण सुरू करावे आणि सोबत उकळून गार केलेले पाणी द्यावे. आईचे दूध दोन वर्षे आणि त्याच्या पुढेही चालू ठेवावे.

फळांच्या रसाबद्दल भारतातील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ साली नियम सांगितले आहेत. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला रस देऊ नये. दोन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला १२५ मिलिलिटरपेक्षा जास्त देऊ नये. पाच वर्षांच्या पुढे २५० मिलिलिटरपर्यंत चालतो. तोही ताजा काढलेला असावा.

चहाचेही नियम आहेत बरं का! पाच वर्षांच्या आत चहा अजिबात नको. पाच ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला फार तर अर्धा कप. आपल्याकडे सकाळी लहान लेकराला बशीत चहा ओतून बिस्कीट देतात. पण चहामुळे जेवणातले लोह अंगाला नीट लागत नाही. लोह कमी पडले की मूल फिकट दिसते आणि लवकर थकते.

फळ चांगले, मग रस का नको?

हा प्रश्न मी ताईंना विचारला. त्यांनी मलाच विचारले, "तू एका वेळी किती मोसंबी खाशील?" मी म्हटले, "एक." त्या म्हणाल्या, "आणि एका पेल्या रसाला किती लागतात?" तीन-चार तरी लागतात. म्हणजे तीन-चार मोसंब्यांची साखर एकदम पोटात जाते आणि चोथा गाळून फेकला जातो. चोथ्यामुळे पोट भरते आणि शौचाला साफ होते. म्हणून जागतिक आरोग्य संघटना रसातली साखर वरून घातलेल्या साखरेसारखीच धरते. अख्ख्या फळातली मात्र तशी धरत नाही. गोड रस पिऊन पोट भरले की मूल भाकरी-वरण खात नाही. गोड बाटली तोंडात धरून झोपले तर दात किडतात.

पेरू, केळी, पपई, सीताफळ, बोरे, जांभळे ही आपल्याकडची फळे आहेत. ती धुऊन खायला द्यावी. लहान मुलाला बिया काढून आणि कुस्करून द्यावी, म्हणजे घशात अडकत नाहीत.

उसाचा रस आपल्या सर्वांनाच आवडतो. पण त्याच रसाची कारखान्यात साखर होते, हे विसरू नये. कधीतरी थोडा प्यावा. चरक स्वच्छ आहे का ते बघावे आणि बर्फ न घालता घ्यावा. जो बर्फ खाण्यासाठी नसतो त्याला निळसर रंग द्यावा असा नियम २०१८ साली झाला आहे. पण रसात बर्फ विरघळला की तो कसला होता हे कळत नाही.

खोक्याच्या मागे वाचा

गुरुजींनी आम्हाला पेयांची रिकामी खोकी गोळा करून आणायला सांगितली होती. एका खोक्यावर पुढे पिवळाधमक आंबा होता. मागे बारीक अक्षरात लिहिले होते, १०० मिलिलिटरमध्ये साखर १३ ग्रॅम. खोके होते १६० मिलिलिटरचे. गुरुजींनी फळ्यावर गणित घातले. उत्तर आले जवळजवळ २१ ग्रॅम. एक सपाट चमचा साखर म्हणजे साधारण ४ ग्रॅम. गुरुजींनी कागदावर पाच चमचे साखर ओतली आणि सगळ्यांना दाखवली. एक मैत्रीण म्हणाली, "एवढ्यात तर आमच्या घरच्या सगळ्यांचा चहा होतो!"

पाकिटावर जो पदार्थ सगळ्यात जास्त असेल त्याचे नाव आधी लिहावे लागते. त्या खोक्यावर पहिले नाव पाण्याचे होते. अशा आंब्याच्या पेयात शंभरात दहा भाग फळ असले तरी नियमात बसते. पुढचे चित्र बघून फसू नये.

घरची पेये

साधे स्वच्छ पाणी हे सगळ्यात चांगले पेय आहे. ते उकळून किंवा क्लोरीनचे औषध टाकून घ्यावे. वर्षाच्या पुढच्या मुलाला दूध आणि पातळ ताज्या ताकाची सवय लावावी. लिंबाचे सरबत, कैरीचे पन्हे द्यायचे तर साखर किंवा गूळ कमी घालावा. गुळानेही दात किडतात.

माझी आजी ज्वारीची आंबील करते. ज्वारीचे पीठ रात्री ताकात कालवून ठेवायचे. सकाळी जिरे-लसूण घालून पाणी उकळायचे, त्यात ते पीठ सोडून ढवळत राहायचे. चवीला थोडे मीठ. आंबील पोटाला थंड वाटते आणि भूकही भागते. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाची 'परभणी शक्ती' नावाची ज्वारी २०१८ साली आली. तिच्यात लोह आणि जस्त जास्त आहे. त्या ज्वारीची आंबील केली तर किती छान!

जुलाब लागले तर

२०२५ च्या उन्हाळ्यात माझ्या दोन वर्षांच्या भावाला जुलाब लागले. बाबांनी दुकानातून एक गोड पेयाचे खोके आणले. त्याच्यावर मोठ्या अक्षरात ओआरएस असे लिहिलेले होते. भाऊ ते आवडीने प्यायला, पण जुलाब वाढले. डोळे खोल गेले. आई रडायला लागली. आशाताई आल्या, त्यांनी खोके उलटे करून वाचले आणि म्हणाल्या, "दादा, हे औषध नाही. हे सरबत आहे." त्यांनी पुडी कालवून चमच्या-चमच्याने पाजली आणि लगेच दवाखान्यात न्यायला लावले. आता भाऊ बरा आहे.

असे का झाले? फार साखर आतड्यात गेली की ती अंगातले पाणी आतड्यात ओढते, म्हणून जुलाब वाढतात. खऱ्या ओआरएसमध्ये साखर आणि मीठ मोजून घातलेले असते. साखर मिठाला आतड्यातून रक्तात घेऊन जाते आणि त्यांच्या मागे पाणी जाते. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांमध्ये पटकी पसरली. तेव्हा बनगाव येथे डॉ. दिलीप महालनबीस यांनी असेच मीठ-साखरेचे पाणी पाजून हजारो लोकांना वाचवले. त्यांना २०२३ साली मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने हुकूम काढला, की गोड पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायचा नाही. पण मागचे वाचायची सवय आपण ठेवलीच पाहिजे. खरी पुडी आशाताईंकडे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळते. सोबत १४ दिवस झिंकच्या गोळ्याही देतात.

लक्षात ठेवा

१. पुडीवर जेवढे पाणी लिहिले आहे तेवढ्याच स्वच्छ पाण्यात सगळी पुडी कालवावी. २४ तासांनी उरलेले फेकून द्यावे.
२. पुडी मिळेपर्यंत एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून द्यावे. चमचा चहाचा घ्यावा.
३. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा हळूहळू पाजावे. आईचे दूध बंद करू नये.
४. डोळे खोल गेले, लघवी होईना, मूल मलूल पडले, पिईना किंवा शौचातून रक्त आले तर ताबडतोब दवाखाना गाठावा.

तान्ह्याला आईचे दूध, मोठ्याला पाणी आणि ताक,
फळ खावे चावून, रंगीत बाटली ठेवा लांब!

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी,
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, ता. सोनपेठ, जि. परभणी