परभाषा आणि भाषाभान
शिरूर तालुक्यातील रांजणगाव औद्योगिक वसाहतीत कोरियन, चिनी व इटालियन कंपन्यांचे कारखाने आल्यापासून परभाषा शिकणे म्हणजे नोकरीपुरते शब्द पाठ करणे, आणि त्यापायी मराठी कच्ची राहणे, असा समज अनेकदा आढळतो. वस्तुतः परभाषेच्या अभ्यासाने प्रथम वाढते ते भाषाभान (भाषेच्या घडणीकडे जाणीवपूर्वक पाहण्याची क्षमता). दौंडहून मनमाडकडे लोहमार्ग जातो म्हणून सोलापूरचा मार्ग बंद पडत नाही. भाषांचेही तसेच असते.

कोरियन शिकणाऱ्याला ‘मी पाणी पितो’ हा मराठी शब्दक्रम तिथेही जसाच्या तसा सापडतो, कारण दोन्ही भाषांत क्रियापद शेवटी येते आणि कर्माचा प्रत्यय नामाच्या मागून लागतो. मात्र ‘आम्ही’ आणि ‘आपण’ या दोहोंसाठी कोरियनमध्ये सामान्यतः ‘उरी’ हा एकच शब्द चालतो, तेव्हा समोरच्याला सामावून घेणे किंवा वगळणे हा भेद, जो मराठी माणूस दिवसभर नकळत पाळतो (आणि ज्याची शाळेत क्वचितच चर्चा होते), त्याला प्रथमच स्पष्ट दिसतो. नोकरीतील लाभ खरा असला, तरी तो पाठ केलेल्या शब्दांपेक्षा रोजच्या सरावावर अधिक अवलंबून असतो.