थांबा जी, एक ओवी सुटली

वऱ्हाडातल्या बार्शीटाकळीत श्रावणात पोथी ‘लागते’. वाचायला घेतली असं कुणी म्हणत नाही. ‘यंदा कोणती पोथी लावली?’ असंच विचारतात. आमच्या ओसरीवर एका श्रावणात श्रीधरांचा ‘हरिविजय’ लागला होता. पाटावर ठवणी, ठवणीवर बासनातून काढलेली आडव्या सुट्या पानांची पोथी, पानांवर हळदीकुंकवाचे जुने डाग. एक बुवा ओवी वाचायचे, दुसरे गृहस्थ तिचा अर्थ सांगायचे आणि बाया वाती वळत ऐकायच्या. त्यांत माझी आजी होती. तिला अक्षरओळख नव्हती. कागदावर सही लागली तर ती अंगठा उठवायची.

एका रात्री बुवा वाचत असताना तिचा वाती वळणारा हात थांबला. म्हणाली, ‘थांबा जी, एक ओवी सुटली.’ बुवांनी पान डोळ्यांजवळ नेलं. खरंच सुटली होती. लागोपाठच्या दोन ओव्यांचा शेवट सारख्या अक्षरांनी होत होता. पहिलीवरून नजर उचलली ती थेट दुसरीच्या शेवटावर जाऊन बसली होती. बुवांनी कानाला हात लावला, सुटलेली ओवी वाचली आणि पोथी पुढे गेली.

पुढे मराठीचा विद्यार्थी म्हणून हस्तलिखितांच्या संपादनाविषयी वाचू लागलो तेव्हा कळलं की हाच घोटाळा शेकडो वर्षं लेखनिकांच्या हातून होत आला आहे. सारख्या शेवटांमुळे नजर घसरते, मधला मजकूर गळतो आणि पुढच्या सगळ्या नकला त्या गळतीसकट होत राहतात. संशोधक चार-पाच प्रती शेजारी मांडून ती गळती शोधतो. आजीने ती नुसत्या कानाने पकडली होती. धर्मपरंपरांचा अभ्यास करणारे विद्वान आणि श्रद्धेने पोथी ऐकणारी माणसं यांचं नातं नेमकं काय, हा प्रश्न त्या रात्रीपासून माझ्याबरोबर आहे. त्याचं उत्तर मला वऱ्हाडातच सापडलं.

दगडावरचं वाचन

बार्शीटाकळीची खूण म्हणजे कालंका देवीचं मंदिर. गावात कुणालाही विचारा, ‘हेमाडपंती आहे’ असं सांगतील. पण इथल्या शिलालेखात शके 1098 हे वर्ष आहे, म्हणजे इसवी सन 1176-77. हेमाडपंत, म्हणजेच हेमाद्री, देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री. महादेव गादीवर आला 1261च्या सुमारास. म्हणजे देऊळ हेमाद्रीच्या कारभाराहून सुमारे 85 वर्षांनी जुनं आहे. चुन्याशिवाय दगडावर दगड बसवलेल्या देवळांना लोकांनी हेमाडपंताचं नाव दिलं आणि ते कायमचं चिकटलं. देवीपुढे हात जोडणाऱ्याला या 85 वर्षांनी फरक पडत नाही. इतिहास वाचणाऱ्याला पडतो. देऊळ मात्र दोघांचं एकच आहे.

या हेमाद्रीचं खरं स्मारक दगडाचं नाहीच. त्याच्या नावावर ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा प्रचंड संस्कृत ग्रंथ आहे. कोणतं व्रत कोणत्या तिथीला करावं, दान कसं द्यावं, श्राद्धाचा विधी काय, काळाचा निर्णय कसा करावा, हे सगळं त्यात गोळा केलेलं आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राचा जो इतिहास लिहिला, त्यात व्रतांच्या विचारात हेमाद्री पानोपानी भेटतो. काणे यांचा हा ग्रंथ 1930 ते 1962 या काळात पाच खंडांत निघाला आणि 1963 साली त्यांना भारतरत्न मिळालं. आपण करतो त्या विधींना इतिहास असतो, ते काळाबरोबर बदलत आलेले असतात, हे काणे यांनी पुराव्यांनिशी दाखवलं.

रिद्धपूरची दुसरी वाट

हेमाद्री देवगिरीला संस्कृतात व्रतं गोळा करत होता, त्याच शतकात वऱ्हाडात एक अगदी वेगळं काम झालं. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला, महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या प्रयाणानंतर, त्यांचे अनुयायी म्हाइंभट यांनी स्वामींच्या आठवणी जमवायला घेतल्या. ज्यांनी स्वामींना पाहिलं, ऐकलं, त्यांना गाठून विचारायचं आणि पंथप्रमुख नागदेवाचार्यांकडून पारखून घ्यायचं, अशी त्यांची रीत होती. 1278च्या आसपासचं हे काम. त्यातून ‘लीळाचरित्र’ उभं राहिलं. एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध अशी त्याची मांडणी. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ आपल्या भागात, आपल्या बोलीच्या वळणाने लिहिला गेला.

या ग्रंथाच्या मुळाशी बायका आहेत. चक्रधरांभोवती बाइसा होत्या, महदाइसा होत्या. महदाइसांचे ‘धवळे’ आजही आद्य मराठी कवयित्रीची रचना म्हणून अभ्यासले जातात. केशिराज ऊर्फ केसोबास संस्कृतात लिहू लागले तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं. संस्कृतात लिहिलं तर पंथातल्या म्हाताऱ्या बायांना ते कसं कळणार, असा त्यांचा सवाल होता. या केसोबासांनीच लीळाचरित्रातली चक्रधरांची वचनं निवडून ‘सूत्रपाठ’ सिद्ध केला. सूत्रपाठ मुखोद्गत करायचा, रोज म्हणायचा आणि त्यावरचं निरूपण ऐकायचं, हा पंथाचा शिरस्ता झाला.

चौदाव्या शतकाच्या आरंभी खिलजीच्या फौजा दख्खनेत आल्या. त्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी गेली. मग ज्यांना ती पाठ होती त्यांच्या तोंडून ग्रंथ पुन्हा लिहिला गेला. म्हणूनच त्याचे निरनिराळे पाठ झाले. त्यांतला एक ‘हिराइसा पाठ’. हिराइसा या साधकबाईच्या स्मरणात ग्रंथ होता, म्हणून त्या पाठाला तिचं नाव. ते नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाती वळणारी आजी दिसली.

यानंतर पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले. अक्षरांची अदलाबदल करून तयार केलेल्या या लिप्या किल्ली हातात असल्याशिवाय वाचता येत नाहीत. ग्रंथ सांभाळले गेले, पण बाहेरच्या जगाच्या दृष्टीने ते नाहीसेच झाले. मराठी वाङ्मयाचा इतिहास बराच काळ ‘लीळाचरित्र’ गृहीत न धरताच सांगितला गेला.

एका अध्यापकाचं आयुष्य

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत वि. का. राजवाडे यांनी या लिपीचं कोडं सोडवलं. पंथातल्या महंतांनीही विश्वासाने पोथ्या उघडल्या. वि. ल. भावे यांच्या ‘महाराष्ट्र सारस्वत’च्या 1919च्या आवृत्तीत महानुभावांना जागा मिळाली. यवतमाळच्या य. खु. देशपांडे यांनी 1925 साली ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ लिहून या साहित्याची ओळख करून दिली. नागपूरच्या ह. ना. नेने यांनी 1936-37च्या सुमारास लीळाचरित्राचे भाग छापून लोकांच्या हाती दिले.

आणि या सगळ्यांना पुढे नेणारं एक अख्खं आयुष्य म्हणजे डॉ. विष्णु भिकाजी कोलते. जन्म 1908 सालचा, बुलढाणा जिल्ह्यात मलकापूरजवळच्या नरवेल गावचा. घर शेतकऱ्याचं. स्वतः महानुभाव पंथाचे नसताना त्यांनी साठाहून अधिक वर्षं या एका परंपरेला दिली. आरंभ महानुभाव कवी भास्करभट्ट बोरीकर यांच्यावरच्या अभ्यासाने झाला. मग 1945 साली ‘महानुभाव तत्त्वज्ञान’, 1948 साली ‘महानुभावांचा आचारधर्म’ आणि 1952 साली ‘श्रीचक्रधर चरित्र’ आलं.

हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. पंथ काय मानतो ते आधी सांगितलं, मग पंथ काय करतो ते. भिक्षा कशी मागायची, अटन कसं करायचं, स्थानाला नमस्कार का करायचा, स्मरण कशाला म्हणायचं, या गोष्टी त्यांनी तत्त्वज्ञानाच्याच तोलाने अभ्यासल्या. कर्मकांड म्हणून आचार बाजूला सारायचा आणि विचार तेवढा उचलायचा, हा मोह विद्यापीठांत तेव्हाही होता. कोलत्यांनी तो टाळला.

‘स्थानपोथी’चं त्यांनी केलेलं संपादन उघडून पाहावं. चौदाव्या शतकातला हा छोटा ग्रंथ चक्रधरस्वामी जिथे जिथे थांबले त्या जागा नोंदवतो. गावाच्या कोणत्या दिशेला देऊळ आहे, दार कुठल्या बाजूला उघडतं, स्वामी कुठल्या कोपऱ्यात बसले, हे सगळं तो सांगतो. साधकाने तिथे जाऊन नमस्कार करावा यासाठी हे लिहिलं गेलं. आज त्याच ओळी यादवकाळातल्या देवळांचा नकाशा म्हणून वाचता येतात. भाविक अजूनही ते ठिकाण शोधत ओट्यापुढे माथा टेकतो. अभ्यासक हातात टेप घेऊन तीच ओळ पडताळतो.

1966 ते 1972 कोलते नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू होते. 1967च्या भोपाळच्या मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. पण त्यांचं सर्वांत मोठं काम या पदांनंतर बाहेर पडलं. 1978 साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने त्यांनी संपादित केलेलं ‘लीळाचरित्र’ प्रसिद्ध केलं. या आवृत्तीवर पंथातून तीव्र आक्षेप आले. ज्या पोथीची पूजा होते, तिचे पाठभेद चारचौघांत मांडले की दुखावलेली मनं समजून घ्यावी लागतात. तरी मला वाटतं, कोलत्यांनी जे केलं ते म्हाइंभटांच्याच रीतीला धरून होतं. आठवणीला आठवण ताडून पाहण्याची शिस्त मूळ ग्रंथकारानेच घालून दिली होती.

दूरदेशीचे वाचक

रिद्धपूरच्या या पोथ्यांनी परक्या विद्वानांनाही ओढून घेतलं. लंडनच्या आय. एम. पी. रेसाइड यांनी 1960 साली महानुभाव ग्रंथांची सूची केली. अमेरिकेच्या ॲन फेल्डहाउस यांनी सूत्रपाठाचा अभ्यास 1983 साली पुस्तकरूपाने दिला. पुढच्याच वर्षी चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांच्या लीळा इंग्रजीत आणल्या. शं. गो. तुळपुळे यांच्याबरोबर ‘स्मृतिस्थळ’ हा महानुभाव ग्रंथ भाषांतरित केला आणि 1999 साली जुन्या मराठीचा कोशही सिद्ध केला. इथल्या महंतांचं आणि प्राध्यापकांचं ऋण त्यांच्या कामात जागोजाग दिसतं. मूळ शब्द पोथीत होता, त्याचा चालू अर्थ मठात होता आणि तो तपासायची शिस्त विद्यापीठात होती. तिन्ही जागी जाणारा माणूसच हे काम करू शकतो.

आता आपलं काम

रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं आहे. 2024 साली महानुभाव साहित्याचे अभ्यासक डॉ. अविनाश आवलगावकर त्याचे पहिले कुलगुरू झाले. त्याच वर्षी 3 ऑक्टोबरला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. या दोन गोष्टींचा आनंद आहेच. पण दर्जा टिकतो तो वाचणाऱ्यांवर. सकळ लिपी वाचू शकणारी पाच मुलं आपल्या तालुक्यातून तयार झाली, तर तो मला कोणत्याही समारंभापेक्षा मोठा दिवस वाटेल.

त्यांना शिकवताना एक पाठ वर्गाबाहेर द्यावा. श्रावणात त्यांना एखाद्या गावात महिनाभर पोथीला बसवावं. ओवीची चाल कुठे थांबते, श्रोत्यांचा हुंकार कुठे येतो, कोणत्या प्रसंगाला बाया पदर डोळ्यांना लावतात, हे त्यांनी टिपावं. पोथी ऐकण्याची जी सवय शतकानुशतकं इथे आहे, तिच्यामुळेच ग्रंथ जगले. आणि ज्यांनी पोथी लावली आहे त्यांच्यापर्यंतही अभ्यासकाचं म्हणणं पोचावं. कालंका देवीच्या देवळाचं वय सांगितल्याने देवीची ओटी भरणारीची श्रद्धा कमी होत नाही. उलट साडेआठशे वर्षांच्या दगडापुढे आपण उभ्या आहोत, हे तिलाही ठाऊक असायला हवं.

आमच्या ओसरीवरची ती पोथी आता माझ्याकडे आहे. मध्यंतरी बासन सोडून मी ते पान शोधलं. सारख्या शेवटांच्या त्या दोन ओव्या तिथेच आहेत. बुवांनी त्या रात्री दुसऱ्या दिवसासाठी म्हणून समासात कुंकवाचं बोट टेकवलं होतं. ते फिकट झालं आहे, पण दिसतं. ‘लीळाचरित्रा’च्या पाठांची नावं मी आता चष्मा लावून, टिपणं काढत वाचतो. हिराइसेच्या नावाशी आलो की नकळत थांबतो आणि मागची ओळ पुन्हा वाचून घेतो. एखादी ओळ सुटली तर नसेल ना, म्हणून.