ट्रॅकवर धावणारी, घरी परतणारी गाडी : सुधारावी की बदलावी?

रोजच्या वापरातील वेगवान मोटारगाडी अधूनमधून सर्किटवरही चालवावी, ही हौस आता महानगरांपुरती राहिलेली नाही. शर्यतीसाठी बांधलेल्या मार्गावर ठरावीक वेळ आपली गाडी चालवण्याची संधी देणाऱ्या उपक्रमास 'ट्रॅक डे' म्हणतात. ही शर्यत नसते. मात्र पहिल्या एकदोन अनुभवांनंतरच गाडी अपुरी वाटू लागते आणि प्रश्न उभा राहतो : आहे त्याच गाडीत सुधारणा करावी, की ती विकून अधिक समर्थ गाडी घ्यावी? सर्किट घरापासून किती दूर आहे, याचा विचार केल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

उत्तर प्रदेशातील झाशी जिल्ह्यातले मऊरानीपुर हे याचे चांगले उदाहरण ठरते. नेवाळकरांच्या काळापासून मराठी कुटुंबांची वस्ती असलेली झाशी येथून सुमारे ६५ किलोमीटरवर आहे. या भागाला सर्वांत जवळचे मोठे सर्किट म्हणजे ग्रेटर नोएडा येथील बुद्ध इंटरनॅशनल सर्किट. झाशी, ग्वाल्हेर, आग्रा आणि तेथून यमुना द्रुतगती मार्ग असा हा प्रवास एका बाजूने जवळपास साडेचारशे किलोमीटरचा होतो. म्हणजे सर्किटवरील तासाभराच्या सरावासाठी त्याच गाडीने नऊशे किलोमीटर रस्ता कापावा लागतो. महाराष्ट्रातील हौशी चालकांची स्थितीही वेगळी नाही. पुण्याहून चेन्नईजवळील इरुंगाट्टुकोट्टईचे सर्किट सुमारे बाराशे किलोमीटर दूर आहे.

सर्किटवर गाडीचे काय होते?

बुद्ध सर्किटची लांबी ५.१२५ किलोमीटर असून त्यावर १६ वळणे आहेत. २०११ ते २०१३ या काळात फॉर्म्युला वन शर्यतीचे यजमानपद भूषवलेल्या या मार्गावर एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे. त्याच्या अखेरीस वेग एकदम कमी करावा लागतो. हालत्या गाडीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे ताशी १५० किलोमीटरवरून ६० वर येताना ब्रेकना जेवढी उष्णता सोसावी लागते, ती ताशी ६० वरून पूर्ण थांबताना निर्माण होणाऱ्या उष्णतेच्या पाच पटींहून अधिक असते. शिवाय हे प्रत्येक फेरीत अनेकदा घडते.

रोजच्या गाडीचे ब्रेक एवढ्या सलग उष्णतेसाठी बनवलेले नसतात. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते व जुने होत जाते, तसा त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ४ दर्जाच्या नव्या ऑइलसाठी किमान २३० अंश सेल्सियस ही मर्यादा आहे. ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी ती १५५ अंशांवर येते. ऑइल उकळून त्यात वाफ झाली की पेडल पायाखाली मऊ पडते आणि गाडी थांबत नाही. म्हणूनच सर्किटवर जाण्यापूर्वीचा पहिला खर्च इंजिनावर नव्हे, तर ताज्या ब्रेक ऑइलवर आणि चांगल्या ब्रेक पॅडवर करणे योग्य ठरते.

सुधारणेची सीमारेषा

पुण्याजवळील चाकणच्या कारखान्यात तयार झालेल्या फोक्सवॅगन पोलोचे उदाहरण येथे उपयोगी पडते. २०१० साली भारतात आलेल्या या गाडीची विक्री २०२२ मध्ये थांबली. २०१३ साली दाखल झालेल्या तिच्या जीटी टीएसआय आवृत्तीत १.२ लिटरचे, १०५ अश्वशक्तीचे टर्बो इंजिन आणि सात गतींचा स्वयंचलित गिअरबॉक्स होता. हौशी चालकांच्या पसंतीची ही गाडी आजही अनेकांच्या रोजच्या वापरात आहे.

अशा गाडीतील काही बदल रस्त्यावरही हितकारक ठरतात. उच्च दर्जाचे ब्रेक ऑइल, रस्ता आणि ट्रॅक दोन्हींना चालतील असे पॅड, मूळ मापाचे पण अधिक पकड देणारे टायर आणि झिजलेल्या शॉकॲब्सॉर्बरच्या जागी नवे, हे ते बदल होत.

त्यापुढील बदलांची किंमत मात्र घरी परततानाच्या रस्त्यावर मोजावी लागते. केवळ शर्यतीसाठीचे पॅड तापल्याशिवाय नीट पकडत नाहीत. कमी नक्षीचे ट्रॅक टायर कोरड्या सर्किटवर उत्तम चालतात, पण बुंदेलखंडातील पावसाळ्यात रस्त्यावर पाणी साचले की ते पकड सोडतात. खाली बसवलेली गाडी गावोगावच्या गतिरोधकांवर घासते. संरक्षक लोखंडी पिंजरा हेल्मेट घातलेल्या चालकासाठी असतो. रस्त्यावर हेल्मेटविना बसलेल्याच्या डोक्याला अपघातात त्याचाच मार बसू शकतो. संगणकीय नियंत्रणात फेरफार करून इंजिनाची ताकद वाढवली, तर उष्णता वाढते आणि क्लच व गिअरबॉक्सवरील ताणही वाढतो.

कायद्याची बाजूही लक्षात घ्यावी लागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल, असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. विम्याच्या प्रमाणित पॉलिसीतून संघटित शर्यत आणि वेगचाचणी यांसाठीचा वापर वगळलेला असतो. त्यामुळे सर्किटवरील नुकसान स्वतःच्या खिशातून भरावे लागेल, असे गृहीत धरूनच निर्णय घेणे शहाणपणाचे आहे.

गाडी कधी बदलावी?

गाडी बदलणे म्हणजे केवळ किमतीतील फरक भरणे नव्हे. २०२५ मध्ये भारतात आलेल्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयची शोरूम किंमत सुमारे ५३ लाख रुपये, तर स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसची सुमारे ५० लाख रुपये होती. त्यातही ऑक्टाव्हियाच्या अवघ्या शंभर गाड्या आयात झाल्या. अधिक ताकदीच्या व वजनाच्या गाडीचे टायर आणि ब्रेक महाग असतात आणि सर्किटवर ते लवकर झिजतात. ज्याला गाडी घेणे परवडते, त्याला ती ट्रॅकवर झिजवणेही परवडेलच असे नाही.

उलट सुधारणेवर केलेला खर्च गाडी विकताना क्वचितच परत मिळतो. म्हणून मूळ सांगाडा गंजलेला असेल, गिअरबॉक्स थकलेला असेल किंवा हवा असलेला वेग ब्रेक आणि सस्पेन्शनच्या आवाक्याबाहेरचा असेल, तर जुन्या गाडीत पैसे ओतत राहण्यापेक्षा ती बदलणे बरे. घरात एकच गाडी असेल आणि सोमवारी सकाळी मुलांची शाळा व दवाखाना तिच्यावरच अवलंबून असेल, तर ती ट्रॅकवर पणाला लावावी का, हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा. ट्रॅकसाठी हलकी, जुनी अशी दुसरी गाडी ठेवणे हा तिसरा मार्ग आहे. मात्र साडेचारशे किलोमीटर ती वाहून नेण्याचा खर्च त्यात धरावा लागतो.

या सर्वांआधीची पायरी चालकाच्या शिक्षणाची आहे. बहुतेक नवोदितांच्या बाबतीत गाडीची मर्यादा येण्याआधी चालकाची मर्यादा येते. चेन्नई आणि कोइमतूर येथे फॉर्म्युला प्रकारच्या गाड्यांवर प्रशिक्षण देणाऱ्या शाळा चालत आल्या आहेत. तेथील एक अभ्यासक्रम किंवा ट्रॅक डेला शेजारी बसलेला अनुभवी प्रशिक्षक फेरीचा वेळ जितका कमी करतो, तितका तो वाढीव अश्वशक्तीनेही होत नाही. शिवाय हे कौशल्य गाडी बदलली तरी चालकाजवळ राहते.

निर्णयासाठी एक सोपी कसोटी लावता येते. विचाराधीन बदल केलेली गाडी, भर पावसात, रात्रीच्या वेळी, कुटुंबाला घेऊन ग्वाल्हेरहून झाशीपर्यंत आणता येईल का? उत्तर होकारार्थी असेल, तर सुधारणा करावी. नकारार्थी असेल, तर तो बदल या गाडीसाठी नाही. त्यासाठी वेगळी गाडी हवी.

ट्रॅक डेच्या अखेरीस शेवटची फेरी सावकाश मारून ब्रेक थंड होऊ द्यावेत आणि गाडी उभी करताना हँडब्रेक ओढू नये. पॅडची जाडी, टायरच्या कडा आणि चाकांचे नट तपासावेत. दिवसभर उन्हात आणि वेगात थकलेल्या चालकाने त्याच रात्री परतीचा प्रवास करू नये. तेथेच मुक्काम करून सकाळी निघावे.