उंदराच्या पेशींवर वाढलेली माणसाची त्वचा

1983 साली अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये दोन लहान भाऊ होरपळले. 95 टक्क्यांहून अधिक अंग भाजलेलं. एरवी रुग्णाच्याच मांडीची त्वचा काढून जखमेवर लावतात. इथे काढायला त्वचाच उरली नव्हती. बॉस्टनच्या डॉक्टरांनी काखेतून 2 चौरस सेंटिमीटरचे तुकडे घेतले. हॉवर्ड ग्रीन यांच्या प्रयोगशाळेत ते वाढवून मुलांचं जवळपास निम्मं अंग झाकलं. दोघंही वाचले.

ती त्वचा वाढली उंदराच्या भ्रूणातून आलेल्या पेशींच्या थरावर.

अशा पेशी मिळवायला गाभण उंदरीण मारावी लागते. हे झाकून ठेवू नये. भ्रूण बारीक चिरून ट्रिप्सिन या विकरात ठेवला, की पेशींना जखडणारी प्रथिनं तुटतात आणि पेशी सुट्या होतात. पोषक द्रवात, 37 अंशांवर त्या बशीच्या तळाला चिकटतात; दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही टोकांना निमुळत्या झालेल्या दिसतात. द्रवाचा गुलाबी-लाल रंग पिवळा पडू लागला, म्हणजे आम्ल साठलं. मग दिवाळी असो की रविवार, द्रव बदलावाच लागतो.

तरीही काही पिढ्यांनी वाढ मंदावते. न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज टोडारो आणि ग्रीन यांनी एक शिस्त ठरवली: दर तिसऱ्या दिवशी नवी बशी, प्रत्येक बशीत तीन लाख पेशी. पेशी थकल्या तरी वेळापत्रक मोडलं नाही. अखेर काहींनी पुन्हा उचल खाल्ली आणि त्या वाढतच राहिल्या. हे काम 1963 मध्ये प्रसिद्ध झालं. या पेशी म्हणजे 3T3. माझ्या मते यातलं खरं कर्तृत्व त्या चिकाटीचं.

माणसाच्या त्वचेच्या पेशी बशीत एकट्या तग धरत नसत. 1975 मध्ये जेम्स राइनवाल्ड आणि ग्रीन यांनी त्या 3T3 च्या थरावर पेरल्या. या थराला आधी किरणोत्सर्ग दिलेला, म्हणजे तो जिवंत, पण विभाजन बंद. त्याच्या आधाराने त्वचेच्या पेशींची बेटं तयार झाली आणि पसरताना उंदराच्या पेशींना बाजूला सारत गेली.

आज पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या भांडारातून 3T3 कुळातल्या पेशी संशोधकांना मिळतात. त्यासाठी दर वेळी नवी उंदरीण मारावी लागत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

3T3 च्या थरावर वाढवलेल्या त्वचेला मात्र घाम येत नाही, तिच्यावर केसही उगवत नाहीत.