आधी वस्तीत, मग वर्तमानपत्रात

सकाळी ६. वडोदऱ्यातल्या दांडिया बाजारातल्या घरी चहाबरोबर लेख काढते. रविवारच्या पुरवणीसाठी विमुक्त जमातींवर लिहिलाय. ‘वस्तीत दारू गाळतात’ हे वाक्य खरं आहे, पण पहिल्याच परिच्छेदात राहिलं तर मथळा त्याचाच होणार. तिथे १८७१चा कायदा आणते. त्याने जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, पोलिसांकडे रोजची हजेरी सक्तीची केली. ३१ ऑगस्ट १९५२ला तो रद्द झाला, म्हणून ‘विमुक्त’. दारू त्यानंतर येईल, काम का मिळत नाही याच्या जोडीने.

१०.३०. विद्यापीठात तास. भाषा-अभ्यासक गणेश देवी इथेच इंग्रजी शिकवत. फेब्रुवारी १९९८मध्ये पश्चिम बंगालमधल्या पुरुलियात विमुक्त जमातीतल्या बुधन सबरचा कोठडीत मृत्यू झाला. मार्चमध्ये बंगाली लेखिका महाश्वेतादेवी वडोदऱ्यात व्याख्यानाला आल्या आणि गणेश देवी, लेखक लक्ष्मण गायकवाड यांच्यासह विमुक्तांच्या हक्कांसाठी गट उभा राहिला. अहमदाबादच्या छारानगर या विमुक्तांच्या वस्तीतल्या तरुणांनी बुधनवर नाटक बसवलं. अहवाल कपाटात राहतात. ते नाटक पोलिसांपुढेही झालं.

१. डबा.

२. शहराबाहेरची वस्ती. ओट्यावर बसून लेख गुजरातीत वाचून दाखवते. मुलाखती देणाऱ्या मासी मधेच हात वर करतात.

“बेन, गावाचं नाव काढ.”

“तुमचं नाव तर बदललंय, मासी.”

“माझं जाऊ दे. नातीला कारखान्यात लागायचंय. पत्ता वाचून साहेब परत पाठवतात.”

नाव खोडते. रस्ता, शाळा, देऊळ, ज्यावरून वस्ती ओळखू येईल ते सगळं काढते. मग मासी सांगतात, “हजेरीचं मात्र ठेव. माझ्या सासऱ्याचं आहे ते.” संमतीपत्रावरची सही मी महत्त्वाची मानते, पण हे वाचन त्याहून महत्त्वाचं. छापायच्या आधी नाही म्हणता आलं पाहिजे.

५. पुरवणीतून फोन. “मॅडम, चेहऱ्याचा एक फोटो?” मिळणार नाही. त्याऐवजी ३ ऑक्टोबर २०२४चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाठवते: तुरुंगातल्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढा, विमुक्तांना मनमानी अटक करू नका.

रात्री ८. वाचनालयात व्याख्यान. एक गृहस्थ विचारतात, “मग चोऱ्या करतं कोण?” माणसं करतात, आणि प्रत्येकाचा खटला वेगळा चालतो. यावर बराच वेळ बोलणं होतं, कारण प्रश्न प्रामाणिक आहे.

तुमच्या वर्तमानपत्रात आरोपीच्या नावापुढे त्याची जमात छापून आली, तर संपादकांना दोन ओळींचं पत्र जरूर लिहा.